निष्ठेचे दोन बिंदू

"सर, चूक कुठे ठेवायची तेवढे सांगा."

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. एकेकाळी तो माझ्या वर्गात मराठी वाङ्मय शिकला होता. पुढे त्याची वाट यंत्रांकडे वळली, तरी जुन्या नात्याने तो अधूनमधून येत असतो. त्या दिवशी माझा कित्येक वर्षे वापरातला रेकॉर्ड-प्लेअर नीट करून देण्यासाठी तो आला होता. तबकडीवरून फिरणारी जी दांडी असते, जिला टोनआर्म म्हणतात, ती त्याने मोजूनमापून नव्याने बसवली होती आणि तिच्या टोकाशी असलेल्या कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ठेवले होते. शेजारी बारीक रेघा कोरलेला आरशाचा एक तुकडा होता. माझी समजूत अशी होती की हे काम एकदा जाणत्याने केले की सुई बरोबर बसते आणि प्रश्न मिटतो. त्याने ती समजूत फार सौम्य शब्दांत दूर केली. चूक राहणारच, तो म्हणाला. ती किती राहू द्यायची आणि कुठे राहू द्यायची, एवढेच आपल्या हाती असते.

निष्ठा या शब्दाशी माझा व्यवसायाने संबंध आहे. संहितेशी निष्ठा, अनुभवाशी निष्ठा, परंपरेशी निष्ठा असे शब्दप्रयोग मी वर्गात, व्याख्यानांत आणि लेखांत आयुष्यभर केले. निष्ठा म्हणजे चुकीचा अभाव, असे गृहीत धरूनच ते केले असावेत. पण जिथे चूक टाळणे रचनेमुळेच अशक्य आहे, तिथे निष्ठावान असणे म्हणजे नेमके काय? हा प्रश्न यंत्रापुरता राहत नाही. तो नीतीचा होतो. आणि त्याचा विचार करायला ही साधी दांडी पुष्कळ उपयोगी पडते, असा मला अनुभव आला.

मूळ अडचण समजायला कठीण नाही. तबकडी कोरली जाते तेव्हा कोरणारी सुई कडेपासून मध्याकडे, त्रिज्येवरून, सरळ रेषेत सरकत जाते. वाजवणारी सुई मात्र दांडीच्या एका टोकाशी असते आणि दांडी दुसऱ्या टोकाला एका स्थिर खिळीवर फिरते. तिला सरळ रेषेत जाता येत नाही. ती कमानीतून जाते. कोरणाऱ्याची वाट सरळ आणि वाचणाऱ्याची वक्र, त्यामुळे सुईचा खाचेशी होणारा कोन प्रत्येक फेऱ्यागणिक थोडा थोडा बदलत राहतो. यावरचा उपाय असा, की सुई तबकडीच्या मधल्या खुंटीच्या किंचित पुढे जाईल इतकी दांडी लांब घ्यायची आणि टोकाशी कार्ट्रिज थोडे आत वळवायचे. खिळीपासून सुईपर्यंतची लांबी २३० मिलिमीटर असेल, तर सुई खुंटीच्या सुमारे १८ मिलिमीटर पुढे जावी लागते आणि वळण सुमारे २४ अंशांचे द्यावे लागते. एवढे केल्यावर कोनाची चूक दोन अंशांच्या आत राहते आणि संपूर्ण वाटेवर फक्त दोन ठिकाणी सुई खाचेशी अगदी हवी तशी असते. या दोन ठिकाणांच्या अलीकडे, पलीकडे आणि मध्ये चूक असतेच.

प्रश्न जुना आहे. १९२४ साली लंडनच्या 'द ग्रामोफोन' मासिकात पर्सी विल्सन यांनी सुई आणि खाच यांच्या जुळणीची चर्चा केली. तो पोलादी सुयांचा काळ होता आणि खाचांची झीज ही त्या वेळची मोठी काळजी होती. १९३८ साली स्वीडनच्या एरिक लोफ्ग्रेन यांनी जर्मन भाषेत लिहिलेल्या निबंधात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. नुसत्या कोनाची चूक मोजणे पुरेसे नाही. तीच चूक कडेच्या खाचेत कमी बोचते आणि मध्याजवळच्या खाचेत अधिक. कारण उघड आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, तर शेवटच्या फेऱ्यांत हा वेग २१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढाच नाद निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो. प्रशस्त जागी जी चूक सहज खपून जाते, तीच अडचणीच्या जागी असह्य होते. नीतिशास्त्राच्या ग्रंथात हे वाक्य आले असते तर मी त्याखाली रेघ ओढली असती.

चूक सर्वत्र सारखी लेखता येत नाही हे कळले की तिच्या वाटपाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची एकाहून अधिक उत्तरे निघतात. लोफ्ग्रेन यांनी स्वतःच दोन उत्तरे दिली. पहिल्यात सगळ्यांत मोठी विकृती शक्य तितकी लहान केलेली आहे. सुरुवात, मध्य आणि शेवट यांवर तिचा भार सारखा पडतो. १९४१ साली बेअरवाल्ड यांनी मांडलेली आणि पुढे सर्वाधिक रूढ झालेली जुळणी ती हीच. तिचे दोन निर्दोष बिंदू मध्यापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर येतात. दुसऱ्या उत्तरात एकूण विकृतीची सरासरी किमान केलेली आहे. वाटेचा बराचसा भाग अधिक स्वच्छ होतो, पण त्याची किंमत आरंभ आणि अखेर यांना मोजावी लागते. तिसरे उत्तर जे. के. स्टीव्हन्सन यांचे, १९६६ सालचे. त्यांनी एक निर्दोष बिंदू थेट सर्वांत आतल्या खाचेवर नेऊन ठेवला आणि त्या बदल्यात मधल्या भागात अधिक चूक पत्करली.

गणित तिन्हींचे बरोबर आहे. कोणते स्वीकारावे हे मात्र गणित सांगत नाही. माझा विद्यार्थी हे समजावून देत असताना मला नीतिशास्त्रातली जुनी भांडणे आठवत होती. एकूण दुःख कमीत कमी व्हावे, मग ते कोणाच्याही वाट्याला कितीही येवो, असे मानणारी बेंथमची उपयुक्ततावादी दृष्टी दुसऱ्या उत्तरात दिसते. ज्याच्या वाट्याला सर्वांत अधिक येते त्याचा भार आधी हलका करा, ही जॉन रॉल्स यांनी १९७१ साली 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये मांडलेली न्यायाची कल्पना पहिल्या उत्तराशी नाते सांगते. तिसरे उत्तर म्हणते, जिथे सर्वांत अधिक पणाला लागले आहे तिथे तरी चुकू नका. आपल्या व्यवहारातल्या धर्मसंकटांत माणसे या तिसऱ्या उत्तराकडेच अधिक वळत असावीत.

आता ख्यालगायनाच्या दीर्घवादी तबकडीचा विचार करावा. विलंबित आलापी कडेच्या ऐसपैस खाचांत सुरू होते. राग उलगडत जातो तशी सुई आत सरकते आणि बाजू संपत येते त्या सुमारास द्रुत बंदिश, तिच्यातल्या वेगवान ताना, तारसप्तकातले खडे स्वर, हे सारे नेमके त्या दाटीच्या जागी येऊन पोहोचते. गाण्यात जेव्हा सर्वांत अधिक घडत असते, तेव्हा सुई सर्वांत अधिक अडचणीत असते. म्हणजे दांडी हयगयीने बसवलेली असेल, तर तिचा दोष ऐकणाऱ्याला गवयाच्या द्रुतातच ऐकू येणार.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९८६ साली, वयाची तिशीही ओलांडलेली नसताना, मी एका नियतकालिकात एका गायिकेच्या तबकडीचे परीक्षण लिहिले. विलंबिताची मी मनापासून स्तुती केली होती. द्रुताविषयी मात्र लिहिले, की लय चढताच आवाजाचा पोत फाटतो, वरच्या स्वरांना धार येण्याऐवजी खरखर येते, आणि मोठी कल्पना पेलण्याचे बळ गळ्यात उरत नाही. वाक्ये ठाम होती. ती पुढे माझ्या पुस्तकात आली. दोघा-तिघांनी आपल्या लेखनात त्यांचा हवाला दिला. आणि त्या बाईंविषयी 'द्रुतात कमी पडणारा गळा' असे एक मत हळूहळू रूढ झाले. आता त्या हयात नाहीत.

परीक्षणाच्या काही महिने आधी मी नवे कार्ट्रिज आणले होते आणि ते माझ्या हातांनी, अंदाजाने, दोन स्क्रू आवळून बसवले होते. कोनमापक लागते हे मला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही. त्या पावसाळी दुपारी विद्यार्थ्याने मोजून पाहिले तेव्हा सुई जिथे हवी तिथून चार मिलिमीटर मागे होती. दांडी नीट बसल्यावर मी पहिल्यांदा तीच तबकडी लावली. विलंबित पूर्वी कधी ऐकले नव्हते इतके स्वच्छ वाजले. द्रुत मात्र तसेच फाटत होते. क्षणभर मला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. मग विद्यार्थ्याने आपल्या संग्रहातली त्याच ध्वनिमुद्रणाची, फारशी न वाजलेली दुसरी प्रत लावली. द्रुत सुरू झाले आणि अखेरपर्यंत अखंड राहिले. तानेचा दाणा न् दाणा वेगळा होता, आणि वरच्या षड्जावर बाई जशा थांबल्या तसे थांबायला केवढे बळ लागते हे मला त्या वेळी कळले. खरखर गळ्यात नव्हती. ती माझ्या सुईने माझ्या प्रतीत कोरून ठेवली होती.

हिऱ्याची सुई तबकडीच्या द्रव्याहून कितीतरी कठीण असते. ती वेडीवाकडी बसली असेल तर चुकीचे वाचून थांबत नाही. जे वाचते त्याला इजाही करते. त्यात मी आणखी एक अपराध केला होता. तबकडी झिजू नये म्हणून मी सुईचा दाब शक्य तितका कमी ठेवत असे. दांडीच्या मागच्या बाजूला एक सरकते वजन असते. त्याने दांडी आधी अधांतरी समतोल करायची आणि मग कार्ट्रिजला लागतो तेवढा, बहुधा दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यानचा, दाब द्यायचा. मी त्याहून कमी देत होतो आणि त्याला हळुवारपणा समजत होतो. प्रत्यक्षात दाब अपुरा पडला की जोरकस स्वरांशी सुईचा खाचेचा संबंध सुटतो आणि ती खाचेच्या भिंतींवर आदळत जाते. वाजवी भार देणारी सुई कमी इजा करते. समीक्षेतही संहितेवर पुरेसा भार न टाकता वरवर फिरणारे आणि स्वतःला सहृदय म्हणवणारे वाचन मी पुष्कळ पाहिले आहे. ते सर्वांत अधिक ओरखडे पाडते.

अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत 'प्रतीत्युपायवैकल्य' हे एक आहे. प्रतीतीची जी साधने, त्यांतच उणीव असणे. विद्यार्थ्यांना हे विघ्न शिकवताना मी नेहमी ते घाईने उरकत असे. 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे रसिकाने स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे, हे विघ्न मला अधिक गहन वाटे. त्यावर तास रंगत असे. साधनातली उणीव ही आपली मामुली बाब, असे वाटले असावे. या विघ्नाचा खरा धोका असा, की ते स्वतःला दाखवत नाही. साधनाचा दोष साध्यावर दिसतो. चष्म्यावरचा डाग भिंतीवर दिसावा, तसा माझ्या दांडीचा दोष मला बाईंच्या गळ्यात ऐकू आला, आणि तो तिथे आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

यावरून कोणी असे म्हणेल, की मग सगळेच वाचन सदोष. प्रत्येकाची खिळी वेगळ्या जागी, प्रत्येकाची कमान वेगळी, तेव्हा कोणी कोणाला चूक म्हणू नये. अलीकडच्या समीक्षाविचारात हा सूर वारंवार ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. वाचक कुठे तरी उभा राहूनच वाचतो. त्याचा काळ, त्याची भाषा, त्याची जात, त्याचे वय ही त्याची खिळी असते आणि कमानीतून जाण्याला त्याचा इलाज नसतो. पण कमानीमुळे येणारी चूक आणि सैल स्क्रूमुळे येणारी चूक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली रचनेत आहे. ती मोजता येते, आटोक्यात ठेवता येते, सांगता येते. दुसरी हयगय आहे. माझ्या चार मिलिमीटरांना भूमितीचा आधार नव्हता. आपल्यात चूक असूच शकत नाही असे मानणारा दुराग्रही पहिली चूक नाकारतो. सारेच सापेक्ष आहे असे म्हणणारा पहिलीच्या आडोशाने दुसरी खपवतो. या दोन्ही वृत्तींपासून सारखेच दूर राहणे, याला मी आता निष्ठा म्हणेन. निष्ठावान माणसाला आपली अटळ चूक किती आहे हे ठाऊक असते, ती त्याने विचारपूर्वक कुठे तरी ठेवलेली असते, आणि विचारले तर ती कुठे ठेवली आहे हे तो सांगू शकतो.

दांडी सरळ रेषेतच चालवली तर? तसेही प्रयत्न झाले. डेन्मार्कच्या बँग अँड ओल्युफसन या कंपनीचा १९७२ सालचा बिओग्राम ४००० हा त्यांतला गाजलेला. त्यात खिळीवर फिरणारी दांडी नाही. ती छोट्या मोटरच्या बळावर त्रिज्येवरून सरळ सरकते. पण सरकावे केव्हा हे तिला कसे कळते? सुई पुढे जाऊन दांडी किंचित तिरपी झाली की ते यंत्र हेरते आणि मग दांडी तेवढी पुढे नेते. सरळ चालणाऱ्या दांडीलाही पुढचे पाऊल टाकण्यासाठी आधी अल्पशी चूक व्हावी लागते. ती चूक फार सूक्ष्म असते आणि लगेच सुधारली जाते, हा त्या रचनेचा मोठेपणा आहेच. नेहमीच्या दांडीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. कोन सुधारण्यासाठी तिला जे वळण दिले, त्यामुळेच घर्षणाची ओढ खिळीच्या रेषेत राहत नाही आणि सुई सतत आतल्या भिंतीकडे खेचली जाते. मग ती ओढ तोलण्यासाठी बाहेरच्या बाजूने एक हलका जोर लावावा लागतो. आणि घर्षण नादाबरोबर बदलत असल्यामुळे तो जोरही सरासरीनेच बरोबर असतो. एका दुरुस्तीतून दुसरे कर्तव्य निर्माण होते, हे संसारात आपण सारेच अनुभवतो.

या संदर्भात एका तबकडीची आठवण अपरिहार्य आहे. १९७७ साली व्हॉयेजर नावाच्या दोन अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठवल्या गेल्या. त्यांत गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. त्या वर्षी २० ऑगस्टला पहिले आणि ५ सप्टेंबरला दुसरे यान निघाले. १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. तबकडीच्या ॲल्युमिनियमच्या वेष्टनावर ती कशी वाजवावी याच्या आकृत्या कोरल्या आहेत: सुई कुठे टेकवायची, कडेकडून आत कसे जायचे, आणि एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागावेत हे हायड्रोजनच्या अणूतल्या एका स्थित्यंतराच्या कालमापात. सोबत कार्ट्रिज ठेवले आहे आणि सुई ठेवली आहे. दांडी नाही. ज्या कोणाच्या हाती ती कधी लागेल, त्याला खिळी कुठे रोवायची हे स्वतःच ठरवावे लागेल. पाठवणाऱ्यांनी आपल्याकडून जे नेमके सांगता येण्यासारखे होते ते सांगितले. ऐकणाऱ्याने कुठे उभे राहावे हे कोणत्याच कृतीला आपल्या श्रोत्याला सांगता येत नाही. केसरबाईंची भैरवी त्या अनोळखी श्रोत्याला फाटकी ऐकू आली, तर तो दोष कोणाचा मानेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी अखेर उत्तर दिले. शेवटची खाच निर्दोष ठेवायला सांगितली. मधे थोडे सोसेन म्हटले. माझ्याकडच्या तबकड्या बहुतेक ख्यालाच्या आहेत आणि द्रुताशी माझा जुना हिशेब राहिला आहे, हे कारण त्याला सांगितले. त्याने आरशावर सुई टेकवली, सुई आणि तिचे प्रतिबिंब एका रेषेत येईपर्यंत कार्ट्रिज हलवले आणि स्क्रू आवळले.

त्या परीक्षणाचे काय करावे, हा प्रश्न मात्र उरला होता. माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार आहे. लेख गाळून टाकावा, असे एकदा मनात आले. पण त्यामुळे ज्यांनी त्याचा हवाला दिला त्यांचे लेखन तसेच राहिले असते आणि माझी चूक तेवढी दिसेनाशी झाली असती. म्हणून लेख जसाच्या तसा ठेवला आहे. त्याच्या खाली चार ओळी जोडल्या आहेत: हे गाणे मी कोणत्या यंत्रावर ऐकले, ते कोणी बसवले होते, त्यात किती चूक होती, आणि दुसऱ्या प्रतीत काय ऐकू आले. बाईंना त्याचा आता काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. माझी फाटलेली प्रत मी टाकून दिलेली नाही; तिच्या वेष्टनावर माझे नाव आणि १९८६ हे साल आधीपासूनच लिहिलेले आहे.